चार लिटर

दारातच वेनेरांडा बाईंनी नमद्याच्या सपाता पुढे केल्या.
"बुटांवरूनच चढवा. जमीन लाकडाची आहे."
पस्तीस वर्षांपूर्वी याच दारात, याच आवाजात
त्या म्हणायच्या, नखं दाखवा.
मी आत्ताही हात पुढे केले असते,
पण मुठीत तिकिटाचे पैसे होते.

शाळा बंद झाली तेव्हा मुलं उरली होती नऊ.
आता पटावर
एक चरखा, लोणी घुसळायचं पिंप,
कुणाच्या तरी लग्नातला विणलेला कंबरपट्टा,
आणि हातानं उतरवून काढलेलं प्रार्थनेचं पुस्तक.
आमच्या लाटगालेत चाळीस वर्षं आमची अक्षरं छापायला बंदी होती,
तेव्हा कुणा शेतकऱ्यानं काजळीची शाई करून
रात्री रात्री बसून ती वळवून ठेवली.
बाई सांगतात, आणि बोटांत खडू नसला तरी
हवेत गिरवतात.

उना, माझी मुलगी, बाकावर बसलीय.
बाकावर पाटी : बसू नये.
ती आयर्लंडात वाढली, अळंबीच्या शेडशेजारी.
आमची बोली तिला कळते,
उत्तर मात्र इंग्रजीत येतं.
बाईंनी पाहिलं,
आणि भट्टीत लाकूड सारायला पाठ फिरवली.

सातवीचा वर्ग म्हणजे आता साहित्य दालन.
अख्खं दालन एका माणसाचं.
इझिदोर.

आम्ही त्याला ताकतोंड्या म्हणायचो.
सकाळी सहाला तिठ्यावरच्या फळीपाशी उभा राहून
तो गावाचं दूध मोजायचा.
कोटाला आंबूस वास, कानामागे पेन्सिल,
ओठ सारखे हलत.
आम्हाला वाटायचं, हिशेब करतो.

काचेखाली त्याचा चष्मा.
ती पेन्सिल, दीड इंच उरलेली.
रीगाहून आलेलं नकाराचं पत्र, फार सभ्य.
मग दुधाच्या पावत्यांच्या एकोणीस स्थळप्रती,
साऱ्या पालथ्या,
कारण कविता मागच्या बाजूला.

सातवी वाचली :

*एक बूट लाल, एक कुणाचा तरी काळा.
वाटेवरचा बर्फ आज दूध प्यायला.
त्याला विचारलं, गोड होतं का?
बर्फ लाजला, आणि पोरगी रडायची थांबली.*

लाल बूट माझा.
काळा भावाचा, तो सैन्यात गेल्यावर उरलेला.
त्या हिवाळ्यात आई इस्पितळात होती,
झीमाल्याची धार मी काढायचे, बोटं बधिर होईस्तोवर.
उतारावर घसरले, कॅन कलंडला.
हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"बाई, ही उलटून दाखवाल?"
"प्रदर्शनातल्या वस्तूंना हात लावता येत नाही,"
असं म्हणत त्यांनी जुडग्यातून किल्ली शोधली,
हात एप्रनला पुसले.

तारीख. आमच्या घराचं नाव.
फॅट तीन पूर्णांक आठ.
लिटर : चार.

कॅनमध्ये दोनाच्या वर थेंब नव्हता.
मला माहीत आहे, मी उचलून आणला होता तो.

बाईंनी चष्मा वर केला. गणित त्यांचंच.
"मग हा आकडा चुकलाय."
"हो बाई."
"महिनाअखेर तूट निघाली असणार."
"हो."
"भरली कशी त्यानं? त्याच्याकडे तर एक शेळी होती फक्त."

भट्टीत लाकूड तडकलं.
बराच वेळ ती चिठ्ठी त्यांच्या तळहातावर होती.
मग त्यांनी ती होती तशीच ठेवली, कविता वर.
खालची माहितीपट्टी तशी छापलेली, काय करणार.
पण ठेवताना
त्या आकड्याखाली त्यांचं बोट क्षणभर थांबलं,
वहीत चूक सापडली की थांबायचं तसं,
आणि लाल रेघ न मारताच पुढे गेलं.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात
सर्रर्र आवाज आला.
उना नमद्याच्या सपातांवरून घसरगुंडी खेळत होती,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"व्हरांड्यात पळायचं नाही!"
बाई ओरडल्या, आमच्या बोलीत.

उना थांबली.
मी तर उभीच होते,
तरी थांबले.